समितीच्या मनातली यादी

थँक्सगिव्हिंगच्या सुटीनंतरचा रविवार. पाहुणे परतलेले, फ्रीजमध्ये उरलेली टर्की, आणि अमेरिकेत ठिकठिकाणी काही माणसं टीव्हीसमोर कागद घेऊन बसलेली. त्या संध्याकाळी अमेरिकी विद्यापीठांच्या खेळांचा कारभार पाहणाऱ्या एनसीएएची निवड समिती महिला व्हॉलीबॉलच्या पहिल्या श्रेणीच्या स्पर्धेतले ६४ संघ जाहीर करते. कोण कुठे खेळणार, कोणाला कोणतं मानांकन, सगळं तासाभरात उघड होतं. या माणसांच्या कागदावर ती यादी आधीच लिहिलेली असते. आता फक्त पडताळा.

हा छंद बाहेरच्याला विचित्र वाटतो. अंतिम सामना कोण जिंकणार याची पैज समजू शकते. पण कोणाला सातवं मानांकन मिळेल आणि कोणाला आठवं, यावर महिनाभर डोकं खपवायचं? मलाही सुरुवातीला हसू यायचं. मग लक्षात आलं की यातलं भाकीत स्मॅश, ब्लॉक, सर्व्हिस यांच्याबद्दलचं नाहीच. बंद खोलीत बसलेली काही माणसं ठरलेल्या निकषांचा काय अर्थ लावतील, हे ओळखायचं असतं. खेळापेक्षा हा प्रकार बोर्डाच्या परीक्षेच्या पेपर तपासनीसाचं मन ओळखण्याच्या जवळचा. २०१३ पासूनच्या तेरा स्पर्धा ओळीने डोळ्यांसमोर आणल्या तर दिसतं की या मंडळींना समितीचं मन वाचणं हळूहळू जमत गेलं. समितीला मात्र खेळाचं मन वाचणं तितकं जमलं नाही. तेरा वेळा सर्वोच्च मानांकन दिलं गेलं. त्या संघाने करंडक उचलला फक्त दोनदा, २०१८ मध्ये स्टॅनफर्डने आणि २०२२ मध्ये टेक्सासने.

या सगळ्या आकडेमोडीच्या मुळाशी आहे आरपीआय. मराठी वाचकाला ही तीन अक्षरं दिसली की रिपब्लिकन पक्ष आणि त्याचे गट आठवणार, त्याला इलाज नाही. इथला आरपीआय म्हणजे संघाच्या ताकदीचा एक निर्देशांक. त्याचं सूत्र शाळकरी आहे: संघाची स्वतःची विजयाची सरासरी एक चतुर्थांश, प्रतिस्पर्ध्यांची सरासरी निम्मी, आणि प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी उरलेली एक चतुर्थांश. म्हणजे तुम्ही काय केलंत याला पंचवीस टक्के, आणि तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांनी इतरत्र काय केलं याला पंचाहत्तर.

समजा एका संघाने पंचाण्णव टक्के सामने जिंकले, पण त्याच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.४८० आणि त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ०.५००. त्याचा निर्देशांक येतो ०.६०२५. दुसऱ्या संघाने ऐंशीच टक्के जिंकले, पण त्याचे प्रतिस्पर्धी ०.६०० चे आणि त्यांचे प्रतिस्पर्धी ०.५५० चे. त्याचा येतो ०.६३७५. पाचात एक हरणारा वीसात एक हरणाऱ्याच्या पुढे! यात तथ्य नाही असं नाही. दुबळ्यांना हरवून कोणी मोठा होत नाही. पण गंमत पुढे आहे. दुबळ्या संघाला तीन सेटमध्ये सरळ हरवलं तरी निर्देशांक खाली घसरू शकतो, आणि बलाढ्य संघाकडून सपाटून मार खाल्ला तरी वर चढू शकतो. किती गुणांनी जिंकलात याला सूत्रात जागाच नाही. २५-२३ ने रडतखडत मिळवलेला सेट आणि २५-९ चा सेट, दोन्ही सारखेच.

शहाण्या प्रशिक्षकांनी हे लवकर ओळखलं. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, कॉन्फरन्सचे, म्हणजे विद्यापीठांच्या ठरलेल्या गटातले सामने सुरू होण्याआधी, कोणाशी खेळायचं हे बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं. तेव्हा असा प्रतिस्पर्धी शोधायचा जो आपल्याकडून हरेल, पण स्वतःच्या छोट्या कॉन्फरन्समध्ये सगळ्यांना धुऊन काढेल. त्याचे विजय मग वर्षभर आपल्या खात्यात व्याज जमा करत राहतात. कॉन्फरन्सच्या आत एकाचा विजय ती दुसऱ्याची हार, त्यामुळे तिथली एकूण सरासरी हलत नाही. जे काही कमवायचं ते सुरुवातीच्या चार आठवड्यांत, आणि सगळ्या कॉन्फरन्सने मिळून. मोठ्या कॉन्फरन्सना हे जमतं. छोट्यांशी खेळायला मोठे फारसे उत्सुक नसतात, आणि ते का, हे वरचं गणित वाचलेल्याला सांगायला नको.

म्हणूनच भाकीत करणाऱ्यांना दोन वह्या ठेवाव्या लागतात. एका वहीत कोण खरंच चांगलं खेळतं ते. त्यासाठी प्रत्येक गुणाचा हिशेब धरणारी ‘पाब्लो’सारखी संगणकी क्रमवारी असते, प्रशिक्षकांच्या संघटनेची साप्ताहिक क्रमवारी असते. दुसऱ्या वहीत समिती काय बघते ते: आरपीआय, वेळापत्रकाची काठिण्यपातळी, आमनेसामनेचे निकाल, समान प्रतिस्पर्ध्यांविरुद्धची कामगिरी, मोठे विजय आणि लाजिरवाण्या हारी. नवखा माणूस पहिल्या वहीतून उत्तर लिहितो आणि रविवारी संध्याकाळी चिडतो. मुरलेला दुसऱ्या वहीतून लिहितो.

या दोन वह्यांमधलं अंतर सगळ्यात जास्त कोणी भोगलं असेल तर युटाच्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने, म्हणजे बीवाययूने. तेव्हा ते वेस्ट कोस्ट कॉन्फरन्समध्ये खेळत, आणि मानांकन फक्त पहिल्या सोळांना मिळे. २०१४ मध्ये त्या सोळांत त्यांचं नाव नव्हतं. बिगरमानांकित म्हणून उतरलेल्या या मुलींनी विभागीय फेऱ्या पार केल्या, ओक्लाहोमा सिटीत उपांत्य सामन्यात टेक्सासला घरी पाठवलं, आणि थेट अंतिम सामन्यात पेन स्टेटसमोर उभ्या राहिल्या. तिथे हरल्या, पण समितीच्या यादीत सोळांतही नसलेला संघ देशात दुसरा आला होता. चार वर्षांनी, २०१८ मध्ये, हाच संघ आठवड्यांमागून आठवडे अपराजित आणि प्रशिक्षकांच्या क्रमवारीत पहिला. मग नियमित हंगामाच्या अगदी शेवटी लॉयोला मेरीमाउंटकडून हरला. त्या एका हारीने समिती त्यांना किती खाली ढकलणार, हा त्या वर्षीचा कूटप्रश्न होता. उत्तर आलं: चौथं मानांकन. बीवाययूने उपांत्य फेरी गाठून तो क्रमांक खरा करून दाखवला, हेही सांगायला हवं.

आणि उलट बाजू? २०१३ चं मिझुरी. नियमित हंगामात एकही हार नाही, चौथं मानांकन, आणि दुसऱ्याच फेरीत परड्यूसमोर गारद. त्याच वर्षी बाराव्या मानांकनाच्या विस्कॉन्सिनने अग्रमानांकित टेक्सासला उपांत्य फेरीत हरवलं.

मानांकन या आपल्या शब्दात मान आहे आणि अंक आहे. अमेरिकेत त्याच्याबरोबर आणखी एक गोष्ट येते: घरचं अंगण. वरच्या सोळा संघांना पहिल्या दोन फेऱ्या आपल्या मैदानावर खेळता येतात. त्यानंतरच्या विभागीय फेऱ्यांची शहरं २०१५ पर्यंत आधीच ठरलेली असत. त्या वर्षी अग्रमानांकित यूएससीला सॅन डिएगोत जावं लागलं, आणि तिथे नवव्या मानांकनाच्या कॅन्ससने त्यांचा खेळ संपवला. २०१६ पासून वरचे चार संघ विभागीय फेऱ्याही घरीच खेळू लागले. म्हणजे पहिल्या चारांत आलात तर अंतिम चारांपर्यंत तुम्हाला विमानतळाचं तोंड बघायचं नाही. नेब्रास्कासारख्या ठिकाणी, जिथे २००१ पासून महिला व्हॉलीबॉलचा एकही घरचा सामना तिकिटं शिल्लक ठेवून झालेला नाही, याचा अर्थ काय ते त्यांच्या लिंकन शहरातल्या गोंगाटात सर्व्हिस करणारीच सांगू शकेल. चौथं आणि पाचवं मानांकन यांतला फरक कागदावर एका अंकाचा. प्रत्यक्षात तो दोन विमानप्रवासांचा, अनोळखी हॉटेलचा आणि लाल कपड्यांतल्या हजारो माणसांचा असतो. भाकितवाले चौथ्या-पाचव्यावर आणि सोळाव्या-सतराव्यावर सगळ्यात जास्त भांडतात ते यामुळे.

सोळाव्याच्या खाली मात्र बराच काळ भांडायला काही नव्हतंच. सोळांना क्रमांक दिले की उरलेले अठ्ठेचाळीस संघ नकाशा बघून वाटले जात. चारशे मैलांच्या, म्हणजे सुमारे साडेसहाशे किलोमीटरच्या आतला संघ बसने येऊ शकतो, त्याच्या विमानाचा खर्च वाचतो. शिवाय एकाच कॉन्फरन्समधले संघ सुरुवातीलाच एकमेकांवर येऊ नयेत एवढं पाहायचं. त्यामुळे देशातला अठरावा संघ आणि चौसष्टावा संघ यांच्यात कागदोपत्री भेद नसे, आणि एखाद्या बलवान बिगरमानांकित संघाच्या वाट्याला दुसऱ्याच फेरीत डोंगर येई. त्या काळातली भाकितं वाचताना मौज वाटते: अर्धं व्हॉलीबॉल, अर्धा भूगोल. कोणता संघ कोणत्या शहरापासून तीनशे नव्वद मैलांवर आणि कोणता चारशे दहा, हे मंडळींना पाठ असे.

ही सगळी रीत एका वर्षी कोसळली. करोनामुळे २०२० चा हंगाम २०२१ च्या वसंतात ढकलला गेला. बहुतेक संघ आपापल्या कॉन्फरन्समध्येच खेळले. कॉन्फरन्सबाहेरचे सामनेच जवळपास नाहीत म्हटल्यावर वेगवेगळ्या कॉन्फरन्सची तुलना करायला पूल उरला नाही, आणि आरपीआय म्हणजे एकमेकांना न जोडलेल्या बेटांचा नकाशा झाला. ४८ संघ, सगळी स्पर्धा ओमाहात, घरचं मैदान कोणालाच नाही. सोळा मानांकितांना फक्त पहिल्या फेरीत पुढे चाल. माझ्या मते भाकीत करणाऱ्यांसाठी हे सगळ्यात प्रामाणिक वर्ष होतं. सूत्र हाताशी नव्हतं, तेव्हा समितीलाही सामने बघूनच ठरवावं लागलं, आणि यांनाही. अंतिम सामना दुसऱ्या मानांकनाच्या केंटकीने चौथ्या मानांकनाच्या टेक्सासविरुद्ध जिंकला. सूत्राविना केलेली यादी सूत्रवाल्या याद्यांपेक्षा वाईट निघाली नाही, एवढं नमूद करून ठेवतो.

२०२२ पासून मानांकनं सोळाची बत्तीस झाली: चार विभाग, प्रत्येकात एक ते आठ. भाकीत करणाऱ्यांचं काम दुप्पट झालं आणि चुकायच्या जागाही. पहिल्याच वर्षी सॅन डिएगो विद्यापीठाने, तेही वेस्ट कोस्ट कॉन्फरन्सचंच, आपल्या विभागात दुसरं मानांकन मिळवलं आणि स्टॅनफर्डला स्टॅनफर्डच्याच मैदानावर हरवून अंतिम चारांत धडक मारली. पुढच्या वर्षी स्टॅनफर्डवर तीच पाळी टेक्सासने आणली. टेक्सासही विभागात दुसरा होता. त्याने पुढे विस्कॉन्सिनला हरवलं आणि अंतिम सामन्यात अग्रमानांकित नेब्रास्काला सरळ तीन सेटमध्ये. हे तेच नेब्रास्का, ज्याने त्या ऑगस्टमध्ये फुटबॉलच्या स्टेडियमवर जाळी बांधून ९२,००३ प्रेक्षकांसमोर सामना खेळला होता.

मग २०२४ आलं आणि कॉन्फरन्सचा नकाशाच फाटला. पॅक-ट्वेल्व्ह विखुरली. यूएससी, यूसीएलए, वॉशिंग्टन, ओरेगन बिग टेनमध्ये. टेक्सास दक्षिणेच्या एसईसीमध्ये. आणि कॅलिफोर्नियातलं स्टॅनफर्ड चक्क अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये. पॅसिफिकच्या काठावर राहून अटलांटिकच्या नावाने खेळायचं, याला काय म्हणावं! वर्षानुवर्षं जमवलेले ठोकताळे, या कॉन्फरन्सचा तिसरा म्हणजे त्या कॉन्फरन्सचा पहिला वगैरे, एका झटक्यात रद्दी झाले. आणि नेमक्या त्याच वर्षी समितीची यादी सगळ्यात चोख ठरली: चारही विभागांतले पहिले, पिट्सबर्ग, नेब्रास्का, लुईव्हिल आणि पेन स्टेट, अंतिम चारांत पोचले. त्यातही सगळ्यांत वरचं पिट्सबर्ग लुईव्हिलकडून हरलं. अंतिम सामन्यांचं शहर काही वर्षं आधीच ठरतं आणि त्या वर्षी ते लुईव्हिलच होतं, म्हणजे घरचं अंगण कोणत्याही मानांकनाशिवाय, निव्वळ योगायोगाने त्यांच्या वाट्याला आलं. तरी करंडक पेन स्टेटने नेला. दोन सेटनी मागे पडल्यावर नेब्रास्काला हरवून ते अंतिम फेरीत आले होते. त्यांच्या प्रशिक्षक केटी शुमाकर-कॉली या स्पर्धेचं विजेतेपद मिळवणाऱ्या पहिल्या महिला मुख्य प्रशिक्षक ठरल्या. महिलांची ही स्पर्धा १९८१ पासून सुरू आहे, हे लक्षात घेतलं की त्या ‘पहिल्या’चा आनंद थोडा कडवट होतो.

अलीकडे समिती हंगामाच्या अधेमधे आपल्या वरच्या क्रमांकांची झलक देऊ लागली आहे. भाकीत करणाऱ्यांना ही सराव-प्रश्नपत्रिकाच. त्यामुळे पहिल्या चारांबद्दल आता शेवटच्या रविवारी फारसा धक्का बसत नाही. २०२५ मध्ये तर पहिला क्रमांक सांगायला वही उघडायचीही गरज नव्हती. नेब्रास्का अपराजित होतं. सगळ्या विभागीय फेऱ्या घरी. त्यांच्या विभागात दुसरं लुईव्हिल, तिसरं टेक्सास ए अँड एम.

ए अँड एमच्या मुलींनी आधी दोन सेटनी मागे पडून लुईव्हिलला हरवलं. मग लिंकनच्या त्याच भरलेल्या सभागृहात, पाच सेटमध्ये, नेब्रास्काला वर्षातली पहिली आणि शेवटची हार दिली. कॅन्सस सिटीत पिट्सबर्ग आणि केंटकी, दोघेही आपापल्या विभागात पहिले, त्यांच्याविरुद्ध एकही सेट घेऊ शकले नाहीत. ए अँड एम विजेते झाले. नोव्हेंबरमधल्या त्या रविवारी ज्यांनी कागदावर त्यांच्यापुढे तीन लिहिलं होतं, त्यांचं उत्तर बरोबर आलं होतं.