धायरीचा इतिहास तुमच्या भाडेकरारात आहे

मागे एकाने मेसेज केला होता, "इंग्लंडच्या एखाद्या खेड्याचा हजार वर्षांचा इतिहास सापडतो, मग आपल्या धायरीचा का नाही?"

प्रश्न रास्त आहे. तिकडे १०८६ मध्ये विल्यम राजाने करासाठी गावोगावची मोजदाद करून घेतली. कुणाची जमीन, किती नांगर, किती गिरण्या, सगळं. पुढे १५३८ पासून चर्चमध्ये बारसं, लग्न, मयत यांच्या नोंदी सुरू झाल्या. आपल्याकडे असा एक जाडजूड ग्रंथ नाही, पण कागद आहेत बरं का! फक्त ते मोडीत आहेत, पुण्याच्या पेशवे दफ्तरात, आणि मोडी वाचणारे कमी.

धायरी आहे पुणे आणि सिंहगडाच्या मधे. इतिहासाच्या पुस्तकात मान गडाला. १३२८ चा तुघलकाचा वेढा, १६७० मधला तानाजी मालुसऱ्यांचा पराक्रम, १८१८ मध्ये इंग्रजांनी घेतलेला गड. खालच्या गावांनी मात्र प्रत्येक राज्याला सारा भरला, आणि तो सारा गोळा करणारे पाटील-कुलकर्णी राज्य बदललं तरी तेच राहिले. पाटीलकीचं वतन कायद्याने गेलं ते थेट १९६२ मध्ये.

आता गंमत बघा. घरातला भाडेकरार काढा. पत्त्यात "स. नं." दिसतंय? तो सर्व्हे नंबर. इंग्रजांनी १८३० च्या दशकात इंदापूरकडून शेतं मोजायला सुरुवात केली, मग जिल्हाभर प्रत्येक तुकड्याला नंबर मिळाला. तिरक्या रेघेपुढचा आकडा म्हणजे हिस्सा, बहुतेक वेळा भावाभावांची वाटणी. म्हणजे तुमचा टू बीएचके कुणाच्या तरी वावरात उभा आहे! महाभूलेख साइटवर हवेली तालुका निवडून सातबारा बघा. सात म्हणजे मालकी, बारा म्हणजे पिकं. ज्या जमिनीचा सातबारा अजून चालू आहे, तिथे फेरफार नंबरांवरून मागे मागे जाता येतं. मला तर हा छंदच लागलाय.

पण धायरीची खरी गोष्ट पाण्याची आहे. १८७० च्या दशकात खडकवासला धरण बांधलं ते पुणे शहर, लष्कर आणि शेतीसाठी. उजवा कालवा तेव्हापासून सिंहगड रोडच्या पट्ट्यातून वाहतोय. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासलाही, आणि पुणं बुडालं. धरण पुन्हा बांधलं, शहर वाढत वाढत आपल्या दारात आलं. ऑक्टोबर २०१७ मध्ये धायरीसह ११ गावं महापालिकेत गेली, ग्रामपंचायत संपली. त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची २०२४ मध्ये बाहेर पडली, त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. धायरी आतच आहे.

आणि पाणी? धरण इतकं जवळ असून उन्हाळ्यात रस्त्यावर टँकरची रांग. जानेवारी २०२५ मध्ये नांदेड, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे रुग्ण वाढले तेव्हा पहिला संशय पाण्यावरच आला. लोक विहिरी, बोअर, टँकर असं सगळं तपासून घ्यायला लागले. दीडशे वर्षं धरणाच्या शेजारी राहून गाव विचारतंय, आमच्या नळाला येतंय ते नक्की कुठलं?

धारेश्वराला गेलात तर जुन्या गावठाणातून पायी जा. अरुंद बोळ, एखादा उरलेला वाडा, आणि त्यामागे दहा मजली टॉवर. फोटो काढा, पाठवा. तुमच्या आजीला गावची जुनी विहीर कुठे होती ते आठवत असेल, तर तिचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये लावतो.