बॉम्बे रक्तगट आणि शर्करा जोडणारे विकर

१९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांचे सहकारी यांना तीन व्यक्तींचे रक्त विलक्षण असल्याचे आढळून आले. नेहमीच्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे भासे. परंतु त्यातील प्रतिद्रव्ये ‘ओ’ गटाच्या पेशींचेही पुंजके करीत. अशा रुग्णास ‘ओ’ गटाचे रक्त दिल्यास त्याचे प्राण धोक्यात येतात. हाच ‘बॉम्बे’ रक्तगट होय.

तांबड्या पेशींच्या पृष्ठभागावर शर्करांच्या साखळ्या असतात. साखळीच्या टोकाच्या गॅलॅक्टोजला फ्युकोज ही शर्करा जोडली गेली, म्हणजे ‘एच’ द्रव्य बनते. ‘ओ’ गटात साखळी येथेच संपते. ‘ए’ व ‘बी’ गटांत तीस आणखी एक शर्करा जोडली जाते. प्रत्येक जोडणीचे काम निराळे विकर, म्हणजे एंझाइम, करते.

मग बॉम्बे गटात उणीव कोणत्या विकराची? विकर डोळ्यांस दिसत नाही. त्याचे अस्तित्व त्याच्या कार्यावरून ताडावे लागते. १९५२ च्या निबंधाच्या सहलेखिका विनिफ्रेड वॉटकिन्स यांनी १९७० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये सहकाऱ्यांसह हे कार्य मोजले. किरणोत्सर्गी कार्बनची खूण असलेले फ्युकोज-वाहक द्रव्य, फ्युकोज स्वीकारणारे द्रव्य आणि रक्तातील सीरम ही एकत्र करून शरीराच्या उष्णतेइतक्या तापमानात ठेवतात. नंतर उरलेले वाहक द्रव्य वेगळे काढून, स्वीकारकास चिकटलेला किरणोत्सर्ग मोजतात. तो जितका अधिक, तितके विकर कार्यक्षम.

येथे एक अडचण होती. सीरममध्ये फ्युकोज जोडणारी इतरही विकरे असतात. पण ती साखळीतील दुसऱ्या शर्करेस ते जोडतात. म्हणून १९७६ साली फेनिल गॅलॅक्टोसाइड हा साधा स्वीकारक वापरण्यात आला. त्यात गॅलॅक्टोज ही एकच शर्करा असल्याने तेथे ‘एच’चे विकरच काम करू शकते.

बॉम्बे गटाच्या सीरममध्ये हे कार्य आढळले नाही. मात्र ज्यांना ‘ए’चे वा ‘बी’चे जनुक लाभले होते, त्यांच्या सीरममध्ये ते ते विकर उपस्थित होते! कारागीर हजर, पण पायाच घातलेला नाही, अशी ही अवस्था. म्हणूनच माता-पित्यांपैकी एक जण बॉम्बे गटाचा असल्यास त्यांना ‘ए’ किंवा ‘बी’ गटाचे अपत्य होऊ शकते.

रक्तपेढीत मात्र एवढा खटाटोप करावा लागत नाही. गॉर्स या काटेरी झुडपाच्या बियांचा अर्क ‘ओ’ गटाच्या पेशींचे पुंजके करतो, बॉम्बे गटाच्या पेशींचे करीत नाही. या सोप्या परीक्षेने बॉम्बे गट ओळखता येतो, आणि अशा रुग्णास त्याच गटाचे रक्त देऊन त्याचा जीव वाचविता येतो.