उताऱ्याची घडण

चौथीतल्या मुलाला ससा-कासवाची गोष्ट वाचायला द्या आणि पुस्तक मिटून सांगायला लावा. एखादा तपशील निसटेल, पण शर्यत लागली, ससा झोपला, कासव पोचलं हा धागा काही सुटणार नाही. आता त्याच मुलाला जमिनीच्या धुपेवरचा धडा द्या. शब्द ओळखीचे, वाक्यंही तेवढीच लांबीची. वाचून झाल्यावर विचारलं, की उत्तर येतं, ‘‘मातीबद्दल होतं.’’ आणखी खोदून विचारलं तर झाडं, पाऊस, बांध असे सुटे शब्द बाहेर पडतात. कशामुळे काय झालं आणि त्यावर माणसांनी काय केलं, याची संगती मात्र लागत नाही.

यात मुलाच्या बुद्धीचा दोष नाही. गोष्ट कशी असते, हे त्याला अक्षरओळख होण्याआधीच आजीच्या कुशीत कळलेलं असतं. कुणीतरी असतं, त्याला काहीतरी हवं असतं, मध्ये अडचण येते, ती सुटते किंवा सुटत नाही. हा साचा डोक्यात तयार असल्याने ऐकलेलं प्रत्येक वाक्य आपापल्या खणात जाऊन बसतं. माहितीपर लेखनाचेही असे साचे आहेत, पण ते कुणी कुशीत घेऊन सांगत नाही. आणि पुढे शाळेत तर बहुतेक वाचन माहितीचंच असतं. तिसरीपासून परिसर अभ्यास, सहावीपासून विज्ञान, भूगोल, इतिहास वेगवेगळे. हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या जीन चॉल यांनी १९८३मध्ये वाचनाच्या टप्प्यांवर पुस्तक लिहिलं, त्यात चौथीच्या आसपासचं हे वळण त्यांनी नेमकं दाखवलं होतं. तोवर मूल वाचायला शिकत असतं. तिथून पुढे ते शिकण्यासाठी वाचू लागतं. वाचन छान येणारी मुलं याच वळणावर अडखळताना दिसतात.

या साच्यांचा पद्धतशीर अभ्यास केला तो बॉनी मेयर या अमेरिकी संशोधक बाईंनी. गद्याची रचना आणि स्मरण यांवरचं त्यांचं पुस्तक १९७५चं. माहितीपर लेखनाची घडण मुख्यतः पाच प्रकारची असते, अशी मांडणी त्यांच्या कामातून रूढ झाली : वर्णन, क्रम, तुलना, कार्यकारण आणि समस्या-उपाय. १९८०मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नववीच्या मुलांना काही उतारे वाचायला दिले. त्यातला एक होता तेलवाहू महाकाय जहाजांवरचा. जहाज फुटून समुद्रात तेल सांडतं ही समस्या, आणि ते टाळण्याचे उपाय, अशी त्याची घडण. मुलांना काय आठवतं ते वाचल्यावर लगेच लिहून घेतलं आणि आठवड्याने पुन्हा लिहून घेतलं. ज्या मुलांनी लेखकाचीच घडण धरून लिहिलं होतं, म्हणजे आधी समस्या आणि मग उपाय, त्यांना मजकूर कितीतरी जास्त आठवत होता. ज्यांनी आठवेल तसे सुटे मुद्दे मांडले, त्यांच्या हातून बराच निसटला. घडण हा आठवणीचा खुंटा आहे, असं त्यातून दिसलं.

पाच घडणींची ही नावं ऐकून शिक्षक म्हणतील, की आता आणखी एक पाठांतर. पण ही नावं मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची आहेत. धडा संपल्यावरचा स्वाध्याय उघडून पाहा. ‘कारणे द्या’ म्हणजे कार्यकारण. ‘फरक स्पष्ट करा’ म्हणजे तुलना. ‘योग्य क्रम लावा’ म्हणजे क्रम. ‘टीप लिहा’ म्हणजे बहुतेक वेळा वर्णन, आणि ‘उपाय सुचवा’ म्हणजे समस्या-उपाय. पिढ्यान् पिढ्या हे प्रश्न विचारले गेले, पण धडा वाचून झाल्यावर, परीक्षेच्या अंगाने. उत्तरं गाइडात तयार मिळतात, त्यामुळे मुलाला परिच्छेदाकडे परत जावंच लागत नाही. हाच प्रश्न वाचनाच्या आधी किंवा वाचता वाचता आला, तर तो भिंग होतो. ‘‘या परिच्छेदावर कोणता प्रश्न निघेल? ‘कारणे द्या’ निघेल, की ‘फरक सांगा’?’’ एवढं विचारलं, तरी मुलं मजकुराकडे वेगळ्या नजरेने पाहायला लागतात.

एकच विषय पाच तऱ्हांनी कसा लिहिता येतो, ते पावसाच्या उदाहरणाने पाहू.

महाबळेश्वर हे सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव. पावसाळ्यात तिथं दिवसचे दिवस धुकं असतं, घरांना पावसापासून आडोसा म्हणून झडी बांधतात. हे झालं वर्णन. महाबळेश्वरात वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेला तीस-पस्तीस किलोमीटरवरच्या वाईत एरवी हजारही भरत नाही. ही तुलना. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर गेल्यावर थंड होतात, म्हणून घाटमाथ्यावर पाऊस कोसळतो. डोंगर ओलांडेपर्यंत त्यांतलं बरंच बाष्प संपलेलं असल्याने पलीकडचा पट्टा पर्जन्यछायेत राहतो. हे कार्यकारण. मोसमी पाऊस साधारण जूनच्या पहिल्या आठवड्यात तळकोकणात येतो, ११ जूनच्या सुमारास मुंबईत पोचतो आणि त्यानंतर पुढे विदर्भाकडे सरकतो. हा क्रम. आणि पर्जन्यछायेतल्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पाण्याची ओढ होती, तेव्हा १९९०नंतर गावाने डोंगरउतारावर समतल चर खणले, बंधारे घातले, शेतीसाठी विंधनविहिरींवर आणि उसासारख्या तहानलेल्या पिकांवर बंदी घातली. ही समस्या आणि हे उपाय.

पाचही मजकूर पावसाबद्दलच आहेत. ‘हा उतारा कशाबद्दल आहे?’ या नेहमीच्या प्रश्नाला पाचही ठिकाणी एकच उत्तर येईल, आणि ते बरोबर असूनही मुलाला काही कळलं की नाही, याचा पत्ता शिक्षकाला लागणार नाही. ‘लेखक इथं काय करतोय? सांगतोय, मोजतोय, की कारण शोधतोय?’ हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

घडण ओळखायची कशावरून? इंग्रजी शाळांमध्ये यासाठी खुणेच्या शब्दांच्या याद्या भिंतीवर लावतात. त्यांचं मराठी करून ‘कारण, परंतु, प्रथम, शेवटी’ अशी यादी लावणं सोपं आहे, पण तेवढ्याने काम भागत नाही. मराठीत खूण पुष्कळदा वेगळा शब्द म्हणून उभीच नसते. ती शब्दाच्या शेपटाला चिकटलेली असते. ‘पाऊस पडल्यावर’ म्हटलं की पुढे क्रम येणार. ‘पाऊस पडल्यामुळे’ किंवा ‘पाऊस पडल्याने’ म्हटलं की परिणाम. ‘पाऊस पडूनही’ म्हटलं की अपेक्षेच्या उलट काहीतरी. ‘पाऊस पडावा म्हणून’ यात हेतू आहे. क्रियापद एकच, शेपटं वेगळी आणि वाक्याची दिशा प्रत्येक वेळी निराळी. तुलनेचा ‘पेक्षा’ असाच नामाला लागून येतो. ‘भिजवून, वाटून, आंबवून’ यांतला इवलासा ‘ऊन’ सबंध कृतीचा क्रम सांगून जातो. भरभर वाचणारं मूल शब्दाचा पुढचा भाग ओळखून शेपूट गिळतं, आणि नेमका अर्थ तिथंच असतो.

काही शब्द तर दोन्ही बाजूंनी काम करतात. ‘विहीर आटली म्हणून टँकर आला’ यात ‘म्हणून’च्या आधी कारण आहे. ‘पाणी मुरावं म्हणून चर खणले’ यात ‘म्हणून’च्या आधी हेतू आहे, चर आधी खणले, पाणी नंतर मुरलं. ‘पाऊस आला तर सहल रद्द’ यातला ‘तर’ अटीचा, आणि ‘विंचवाला आठ पाय असतात, तर गांडुळाला पायच नसतात’ यातला ‘तर’ तुलनेचा. ‘कारण’ या सरळ वाटणाऱ्या शब्दाचंही तसंच आहे. ‘टँकर आला, कारण विहीर आटली होती.’ आधी काय घडलं, असं विचारलं तर बरीच मुलं ‘टँकर आला’ म्हणतील, कारण वाक्यात ते आधी आलं आहे. अशी दहा वाक्यं फळ्यावर लिहून ‘आधी काय, नंतर काय?’ एवढंच विचारत गेलं, तरी एका तासिकेत पुष्कळ साधतं. व्याकरणाच्या तासाला शब्दयोगी अव्ययं आणि धातुसाधितं शिकवतात. पण ती वाचताना कशी उपयोगी पडतात, हे कुणी जोडून दाखवत नाही. हा दुवा जोडायलाच हवा.

शिकवण्याची रीतही साधी आहे. एका परिच्छेदाची सहा-सात वाक्यं कागदाच्या पट्ट्यांवर लिहायची, पट्ट्या विस्कटून चार-चार मुलांच्या गटाला द्यायच्या आणि जमिनीवर लावायला सांगायच्या. क्रमाचा परिच्छेद असेल तर गटांची मांडणी पटकन जुळते. वर्णनाचा असेल तर प्रत्येक गटाची वेगळी येते आणि त्यातल्या बऱ्याच मांडण्या चालतातही. हे का होतं, यावर वाद घालताना मुलं वाक्यावाक्याला बोट लावून बोलतात : ‘‘इथं ‘त्यामुळे’ आहे, मग याच्या आधी काहीतरी पाहिजेच.’’ त्यानंतर चित्र. तुलनेला दोन उभे खण, क्रमाला पायऱ्या, कारणाला बाण, वर्णनाला मधोमध गोल आणि भोवती रेघा. पाटी-पेन्सिलीवरही हे होतं.

लहान मुलांना हे झेपेल का, ही शंका रास्त आहे. कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजातल्या जोआना विल्यम्स यांनी न्यूयॉर्कमधल्या दुसरीच्या वर्गांत हे करून पाहिलं. त्यांनी सगळ्या घडणी एकदम घेतल्या नाहीत, फक्त तुलना घेतली. विषय प्राण्यांचे गट. नमुन्याला सिंह, गरुड, मगर, शार्क आणि भेक. मुलं दोन प्राण्यांवरचा छोटा उतारा वाचत, तुलना दाखवणारे शब्द शोधत, तक्ता भरत आणि मग त्यावरून स्वतः वाक्यं लिहीत. नंतर त्यांना कधी न पाहिलेले तुलनेचे उतारे दिले, तेव्हा तेही त्यांना जमले. प्राण्यांबद्दलची माहितीही त्यांना इतर मुलांइतकीच आली होती. घडण शिकण्यापायी विषय मागे पडला नव्हता. अभ्यासक्रम पुरा करण्याची धास्ती घेतलेल्या शिक्षकांना हे शेवटचं निरीक्षण धीर देणारं आहे.

अर्थात घडण ओळखली की सगळं कळलं, असं नाही. बाष्प म्हणजे काय हेच ठाऊक नसेल, तर बाण कितीही नीट काढले तरी पाऊस का पडतो ते समजणार नाही. शिवाय खरं लेखन एकाच साच्यातलं क्वचित असतं. इतिहासाचा धडा वरवर क्रमाचा असतो, पण त्याच्या पोटात कारणं असतात, आणि मुलं तारखा पाठ करून कारणं सोडतात ती इथंच. म्हणून ‘हा उतारा कोणत्या प्रकारचा? पर्याय निवडा’ असा प्रश्न परीक्षेत घालणं ही या कल्पनेची सर्वांत वाईट वाट ठरेल. नाव चुकलं तरी चालेल. कशाचा संबंध कशाशी आहे, हे मुलाला बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

सराव व्हायचा तर असं वाचन हाताशी हवं. अमेरिकी संशोधक नेल ड्यूक यांनी २०००मध्ये बॉस्टन परिसरातल्या पहिलीच्या २० वर्गांची पाहणी प्रसिद्ध केली. तिथं माहितीपर मजकुराला दिवसाला सरासरी ३.६ मिनिटं मिळत होती. आपल्याकडेही लहान मुलांसाठी पुस्तक म्हणजे गोष्टीचंच, अशी पक्की समजूत आहे. पण साहित्याची वाण नाही. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१पासून निघतं आहे. वाईच्या विश्वकोश मंडळाचा ‘कुमार विश्वकोश’ आहे. त्यातली नोंद म्हणजे वर्णनाचा उत्तम धडा. आणि स्वयंपाकघरात कमलाबाई ओगले यांची १९७०मध्ये आलेली ‘रुचिरा’ असेल, तर क्रम शिकवायला वेगळं पुस्तक नको. आधी साहित्य, मग कृती. विज्ञानाच्या वहीत प्रयोग लिहितानाही साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष असंच असतं. थालीपीठ आणि प्रयोग यांची घडण एक आहे, हे ज्या मुलीच्या लक्षात येतं, तिला प्रयोगाची वही परकी वाटत नाही.

पालकांना यासाठी शाळेची वाट पाहायची गरज नाही. घरी येणाऱ्या वर्तमानपत्रातली एक छोटी बातमी निवडा. पाणीकपातीची, कांद्याच्या भावाची, बिबट्या दिसल्याची. मुलाला ती मोठ्याने वाचायला सांगा. ‘काय कळलं?’ हे विचारू नका. त्याच्या हातात पेन्सिल द्या, ‘मुळे’, ‘म्हणून’, ‘पेक्षा’, ‘तर’, ‘मात्र’, ‘नंतर’ दिसतील तिथं गोल करायला सांगा, आणि प्रत्येक गोलाच्या डावीकडे काय आहे, उजवीकडे काय आहे, एवढं विचारा. आठवड्यातून दोनदा, दहा-दहा मिनिटं पुरतील.