भीमामाईच्या माहेरी



कारखान्याचा पट्टा पडला, शेवटची गाडी रिकामी झाली आणि गव्हाणीवर सामसूम झाली. दरसाल या दिवसांत आम्ही पाच-सहा मंडळी कुठेतरी देवदर्शनाला जातो. यंदा भीमाशंकर ठरले. मंचर-घोडेगाववरून मोटार थेट देवळाजवळ जाते, पण तो मार्ग आम्ही मुद्दाम टाळला. ज्या नदीच्या पाण्यावर आपला ऊस उभा आहे, तिचा डोंगर पायथ्यापासून पाहावा, ही इच्छा होती. म्हणून रेल्वेने कर्जतला उतरलो आणि रात्री कशेळ्याला मुक्काम केला.

कशेळे हे कर्जत-मुरबाड रस्त्यावरचे गाव. पुढे मुरबाडच्या हद्दीत सिद्धगड आहे. तेथे २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या दिशेला हात जोडून आम्ही पहाटे उजवीकडचा खांडसचा रस्ता धरला. उजाडताना समोर सह्याद्रीची भिंत उभी राहिली, तेव्हा आमच्यातल्या सत्तरी ओलांडलेल्या तात्यांनी नुसतेच "अबब" म्हटले.

खांडसहून वर जायला दोन वाटा. शिडीघाट जवळचा पण अवघड, गणेशघाट लांबचा पण सोपा. वय पाहून आम्ही गणेशघाट पत्करला. बरोबर पायथ्याच्या वाडीतला एक आदिवासी वाटाड्या घेतला. तो आम्हांला "शेठ" म्हणू लागला. तात्या म्हणाले, "शेठ नव्हं बाबा, शेतकरी हाय आम्ही."

"तुमच्याकडं पाऊस किती पडतो?" त्याने विचारले.

"वीस-पंचवीस इंच. तोही पडला तर."

"मग ऊस कशावर पिकवता?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हांला पाठ आहे. उजनी! पण त्या चढावर ते उत्तर तोंडातून चटकन निघेना.

वाटेत वाडीतल्या बायका डोक्यावर हंडे घेऊन येताना दिसल्या. आम्ही चकित झालो. या डोंगरावर वर्षाला सव्वाशे इंचांच्या आसपास पाऊस, आणि फाल्गुनातच पाण्यासाठी पायपीट? वाटाड्या म्हणाला, "पावसाला तोटा नाय. पण उघड्या कातळावरनं पाणी धावत जातं, थांबतच नाय. जिथं रान हाय, तिथला झरा तेवढा उन्हाळ्यात टिकतो."

तासाभराने रान दाट झाले. हिरडा, जांभूळ, आंबा, अंजन यांची दाट सावली. फांदीवरून फांदीवर झेप घेणारा तांबूस, लांब शेपटीचा शेकरू दिसला. हा आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी. तो सहसा जमिनीवर उतरत नाही. झाडाला झाड लागून असेल तरच त्याचा संसार चालतो. पुणे, ठाणे आणि रायगड या तीन जिल्ह्यांत पसरलेले हे रान १९८५ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर आहे.

दम खायला बसलो असता तात्यांनी सहज पालापाचोळ्यात हात घातला. वरचा पाला कुरकुरीत, पण वीतभर खाली माती ओली, भुसभुशीत. मूठभर माती हुंगून ते म्हणाले, "अरे, ही तर आपली पाचटाखालची माती! फरक इतकाच की इथं कुणी काडी लावत नाही."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्यापैकी दोघांनी आपापल्या खोडव्यातले पाचट पेटवून दिले होते.

माथ्यावर आलो आणि सारा हिशेब समोर दिसला. घराच्या आढ्यावर पडलेले पाणी दोन पाख्यांनी जावे, तसे इथले आहे. पश्चिमेचे पाणी उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला जाते. पूर्वेचे भीमा होऊन सुमारे ८६० किलोमीटर चालते. वाटेत इंद्रायणी, मुळा-मुठा, घोड यांचे पाणी पोटात घेते, ११७ टीएमसीची उजनी भरते, पंढरीला चंद्रभागा म्हणवते आणि रायचूरच्या बाजूला कृष्णेला मिळते. इथे मात्र कुंडातले थोडे पाणी आणि रानात शिरणारी बारीकशी धार. एकजण म्हणाला, "एवढीच?" तात्यांनी चपला काढल्या आणि ओंजळभर पाणी डोळ्यांना लावले. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणेमध्ये गेली, तेव्हा त्यांचा दोन एकर खोडवा उभ्याउभ्या वाळला होता.

मंडळी, उजनी काही एकट्या या रानावर भरत नाही, हे आम्ही जाणतो. पण पडलेला पाऊस धरून ठेवायचा आणि सावकाश सोडायचा, हा धडा इथे पायाखालीच आहे. झाकलेली माती पाणी धरते. उघडी माती पाणी घालवते आणि स्वतःही वाहून धरणात गाळ होऊन बसते. भीमामाईच्या माहेरचे रान राखणे सरकारचे आणि तिथल्या वाड्यांचे काम आहे. आपल्या रानातले पाचट राखणे आपल्याच हातात आहे.

तेव्हा यंदा खोडव्यात काडी लावू नका. बुडखे जमिनीलगत छाटा, पाचट सरीत दाबा. एकरी साधारण चार टन पाचट निघते. त्यावर ३२ किलो युरिया, ४० किलो सुपर फॉस्फेट आणि ४ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकून पाणी द्या. पाण्याच्या पाळ्या लांबतील आणि शेताला आयते खत मिळेल.

तात्यांनी परतल्यावर पहिले काम हेच केले. धाकटा मुलगा आगपेटी घेऊन बांधावर गेला होता. तात्यांनी ती त्याच्या हातून घेतली आणि म्हणाले, "राहू दे. डोंगरावर बघून आलोय मी."