थंड कूलर, ओली नळी

पहाटे निंबळक, विळद, देहरे या गावांकडून मनमाड रस्त्याने शहराच्या सावेडी उपनगरात दूध येते, मोटारसायकलींच्या दोन्ही बाजूंना लटकवलेल्या कॅनमधून. या दुधाबद्दल गोठ्यापासून स्वयंपाकघरापर्यंत काही समजुती घट्ट बसल्या आहेत. सर्वांत महाग पडणारी समजूत अशी, की दूध थंड केले की त्यातले जंतू मरतात.

मरत नाहीत, सुस्तावतात. धार काढताना दूध सुमारे 37 अंशांवर असते आणि जंतूंना नेमकी हीच ऊब मानवते. काही जंतू तर अर्ध्या तासाच्या आतच दुप्पट होतात. म्हणून संकलन केंद्रावरच्या बल्क कूलरमध्ये दूध झपाट्याने 4 अंशांवर आणतात. पण तोवर जे जंतू वाढले, ते तसेच राहतात. शिवाय स्यूडोमोनास गटातले जंतू 4 अंशांवरही हळूहळू वाढतात आणि त्यांनी सोडलेली काही विकरे पाश्चरीकरणानंतरही टिकून दुधाला कडवट करतात.

सकाळच्या गार दुधात संध्याकाळचे कोमट दूध ओतले तर तेही गार होईल, असा हिशेब अनेकजण करतात. प्रत्यक्षात 4 अंशांचे दहा लिटर आणि 37 अंशांचे दहा लिटर मिळून वीस लिटर दूध सुमारे 20 अंशांवर येते, म्हणजे सकाळचे टिकलेले दूधही धोक्यात. कॅन गार पाण्याच्या हौदात ठेवून दूध ढवळत राहावे, निवल्यावरच एकत्र करावे. बर्फ मात्र दुधात टाकू नये, त्याने दुधात पाणी मिसळते आणि त्या पाण्यातली घाणही.

खरा घोळ नळ्यांचा आहे. मिल्किंग मशीनची नळी आधीच कडकडीत पाण्याने धुतली तर दुधातली प्रथिने आतून चिकटून बसतात. पहिले पाणी कोमटच हवे. मग गरम पाण्यात धुण्याचा सोडा किंवा डिटर्जंट आणि अधूनमधून आम्लाने धुणे, कारण क्षारांचे दगडी कीट सोड्याने निघत नाही. इतके सगळे करूनही नळीच्या झोळात वाटीभर पाणी राहिले, तर रात्रभरात तिथे बुळबुळीत थर धरू लागतो आणि सकाळचे पहिले दूध त्यावरूनच वाहते. नळीला उतार द्यावा, सडांवर बसणारे रबरी लायनर तोंड खाली करून टांगावेत, भेगा पडलेले रबर टाकून द्यावे. मला विचाराल तर नवा कूलर घेण्याआधी हे करावे.

बिअर बनवणाऱ्यांनाही हेच शिकावे लागते. उकळलेला माल्टाचा गोड काढा यीस्ट घालण्यापूर्वी झपाट्याने थंड करतात आणि तो ज्या नळ्यांतून जातो, त्या धुऊन पूर्ण निथळवतात. त्यांचा काढा निदान आधी उकळलेला तरी असतो, आपले दूध कच्चेच नळीत शिरते. शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनीही जंतूंचा असा माग वाइन आणि बिअरमध्ये काढला, बिअरवरचा त्यांचा ग्रंथ 1876 सालचा.

घरी धारोष्ण दुधाचे कौतुक नको. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस होतो, त्यामुळे सुटे दूध उकळलेच पाहिजे. उकळल्यावरही ते ओट्यावर दुपारपर्यंत ठेवू नये, कारण काही जंतूंचे बीजाणू उकळूनही जगतात. पातेले पाण्याच्या परातीत ठेवून निववावे, लगेच फ्रीजमध्ये ठेवावे आणि कालचे उरलेले दूध त्यात मिसळू नये.