निवडीचें भाकीत

गेल्या कांहीं वर्षांत आपल्याकडील तरुण मंडळींस एक नवाच छंद जडला आहे. सामने सुरू व्हावयाच्या पुष्कळ आधीं, कोणता खेळाडू कोणत्या संघाच्या वांट्यास जाईल याचें ते भाकीत करतात. कागदावर याद्या मांडतात, त्यांवर तासन् तास वाद घालतात, आणि प्रत्यक्ष निवड झाली म्हणजे परीक्षेचे गुण मोजावे तसे आपले बरोबर आणि चूक मोजून पाहतात. वडील माणसांस हा सारा रिकामटेकडेपणा वाटतो. मलाही तो तसाच वाटत असे. परंतु फलटणास माझ्या थोरल्या बंधूंच्या घरीं अशी एक यादी माझ्या डोळ्यांदेखत तयार झाली, आणि तिच्या पाठीमागच्या पानावर आणखी एक. त्या दोन याद्यांचें पुढें काय झालें तें पाहिल्यावर माझें मत बदललें. ती हकीकत वाचकांपुढें ठेवावी, एवढाच ह्या लेखाचा हेतु आहे.

२०२२ सालचा आषाढ. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी फलटणचा मुक्काम आटोपून बरड, नातेपुतें, माळशिरस, वेळापूर या वाटेनें पंढरीस गेली होती. वारकऱ्यांच्या पंगतीसाठीं काढलेलीं मोठीं भांडीं अजून माळ्यावर चढावयाचीं होतीं. अशा वेळीं माझा पुतण्या, जो तेव्हां कॉलेजच्या दुसऱ्या वर्षांत होता, ओटीवर पालथा पडून वहींत कांहीं रकाने आंखीत होता. मीं विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "काका, खोखोचा ड्राफ्ट आहे. सहा संघ आहेत. कोण कोणाला उचलणार, तें आधींच लिहून ठेवतों."

'अल्टिमेट खोखो' नांवाची व्यावसायिक स्पर्धा त्या वर्षीं प्रथमच भरावयाची होती. मुंबई, चेन्नई, गुजरात, ओडिशा, राजस्थान आणि तेलुगु असे सहा संघ उभे राहिले होते, आणि जुलै महिन्यांत ड्राफ्टच्या पद्धतीनें त्यांस खेळाडू मिळावयाचे होते. ज्या खेळाचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानें १९१४ सालीं बांधून दिले, आणि जो आपल्या शाळाशाळांतून केवळ हौसेनें खेळला गेला, त्या खेळांतील मुलांस आतां मानधन मिळणार, हीच मोठी नवलाची गोष्ट होती.

आतां ड्राफ्ट म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. लिलाव आणि ड्राफ्ट हीं दोन निराळीं. लिलावांत ज्याची थैली जड त्याचा शब्द शेवटचा. ड्राफ्टमध्यें बोली लागत नाहीं. संघ पाळीपाळीनें पुढें येतात आणि शिल्लक राहिलेल्यांतून एकेक नांव उचलतात. ही कल्पना मूळची अमेरिकेंतील फुटबॉलची. तेथील फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पायानें खेळतात तो नव्हे. लंबगोल चेंडू हातांत धरून, अंगावर धांवून जाऊन खेळावयाचा तो एक दांडगा खेळ आहे. तेथें श्रीमंत आणि नांवाजलेल्या संघांकडे सारे चांगले खेळाडू जात, आणि दुबळे संघ वर्षानुवर्षें दुबळेच राहत. फिलाडेल्फियाच्या संघाचा एक मालक बर्ट बेल यानें यावर तोड सुचविली: जो संघ गेल्या मोसमांत सर्वांच्या खालीं राहिला, त्यानें नव्या खेळाडूंतून पहिली निवड करावी; जो वरचढ ठरला, त्यानें शेवटीं. त्याप्रमाणें ८ फेब्रुवारी १९३६ रोजीं फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलांत पहिला ड्राफ्ट झाला. नऊ संघांनीं नऊ फेऱ्यांत ८१ नांवें उचललीं. शेवटच्या स्थानावरचा संघ खुद्द बेलचाच होता. त्यानें पहिलें नांव घेतलें तें शिकागो विद्यापीठाच्या जे बरवँगर याचें. गंमत अशी कीं, हा पहिलाच निवडलेला गडी व्यावसायिक फुटबॉल कधींच खेळला नाहीं. त्यानें सरळ व्यवसायाची वाट धरली!

आज अमेरिकेंत हा ड्राफ्ट तीन दिवस चालतो, आणि त्याच्या आधीं कित्येक महिने तेथील शौकीन लोक आपआपल्या संघासाठीं याद्या तयार करतात. त्या याद्या बहुधा चुकतात. शौकिनांच्या तर राहोतच, पण ज्यांचा तो धंदा आहे अशा पारख्यांच्याही चुकतात. २००० सालीं टॉम ब्रेडी नांवाच्या तरुणाचा नंबर १९९वा लागला होता. पुढें त्यानें सात वेळां अजिंक्यपद मिळविलें. आपल्याकडे २००८ सालीं क्रिकेटच्या आयपीएलनें एकोणीस वर्षांखालील खेळाडूंची अशाच पाळीनें निवड केली, तेव्हां दिल्लीच्या संघानें आपल्याच शहरांतील विराट कोहलीस सोडून प्रदीप सांगवान यास घेतलें, आणि कोहली बंगळूरकडे गेला.

असो. आमच्या चिरंजीवांची यादी मीं पाहिली. तींत मुंबईचा रकाना कांठोकांठ भरला होता. प्रतीक वाईकर मुंबईस, सूरज लांडे मुंबईस, मजहर जमादार मुंबईस, विजय हजारे मुंबईस. आणि जवळच्या वेळापूरचा रामजी कश्यप तर लाल शाईनें अधोरेखित करून मुंबईस. बाकीच्या पांच संघांच्या वांट्यास उरलेसुरले. मीं म्हटलें, "अरे, इतर संघांचे लोक काय झोंपा काढणार आहेत?"

"पण काका, आपलीं मुलें आपल्याच संघांत नकोत का?"

माझ्या मातोश्री शेजारीं वाती वळीत बसल्या होत्या. त्या हंसून म्हणाल्या, "ही तर स्थळांची यादी दिसते. चांगला मुलगा बाहेर कोठें जाऊं नये, जवळपासच राहावा, असें सगळ्यांनाच वाटतें. पण तसें होत नाहीं रे."

एवढ्यांत माझी पुतणी शाळेच्या मैदानावरून आली. ती त्या वेळीं आठवींत होती, आणि शाळेच्या संघांतून खोखो खेळत असे. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. तिनें भावाच्या खांद्यावरून वहींत डोकावून सारे रकाने वाचले आणि विचारलें, "दादा, ह्यांत मुलींचीं नांवें कुठें आहेत?"

"अगं, ही स्पर्धा पुरुषांची आहे."

"मग मुलींचा ड्राफ्ट केव्हां?"

दादांस उत्तर देतां येईना. तिनें वही ओढून घेतली, तें पान उलटलें आणि पाठीमागें स्वतःचे सहा रकाने आंखले. संघांचीं नांवें मात्र तिचीं स्वतःचीं होतीं: फलटण, सातारा, कऱ्हाड, वाई, सांगली आणि मिरज. रात्रीं जेवणें होईपर्यंत ती त्यांतच गढून गेली होती. मग मला दाखवावयास आली. दिल्लीची नसरीन शेख हिला तिनें फलटणास आणलें होतें. प्रियांका इंगळे हिला सांगलीकडे दिलें होतें. आणि गुवाहाटीस २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार सारिका काळे हिला साताऱ्याचें गुरुपद देऊन टाकलें होतें. मीं विचारलें, "प्रियांका आणि नसरीन दोघींनाही फलटणलाच कां नाहीं घेतलेंस? वही तर तुझीच."

तिनें माझ्याकडे नवलानें पाहिलें. "दोघी एकाच संघांत आल्या, तर बाकीच्यांनीं काय करावें? सामना कसा होईल?"

वाचकहो, बर्ट बेलनें १९३६ सालीं जें तत्त्व अमलांत आणलें, तें ह्या तेरा वर्षांच्या मुलीनें कोणाकडूनही न ऐकतां ओटीवर बसून शोधून काढलें होतें. तिच्या दादानें यादी केली ती आपला संघ जिंकावा म्हणून. तिनें केली ती खेळ व्हावा म्हणून. हा फरक माझ्या मनांत तेव्हांपासून राहिला आहे.

वहिनींस मात्र हें कौतुक फारसें रुचलें नाहीं. त्या म्हणाल्या, "याद्या करा हव्या तेवढ्या. पण नववी संपली कीं मैदान बंद. दहावीच्या वर्षीं धांवाधांव चालावयाची नाहीं." त्यांचें म्हणणें सर्वस्वीं चूक होतें, असेंही नाहीं. मुलांच्या खेळांस निदान एक बाजार उभा राहत होता. मुलींच्या खेळांत पुढें काय, ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हां कोणापाशींच नव्हतें.

पुढें निवड झाली. पुतण्यानें सांगितलेल्या पांच मोहऱ्यांपैकीं एकटा विजय हजारे मुंबईस मिळाला. वाईकर तेलुगु संघाकडे गेला, रामजी कश्यप चेन्नईकडे, जमादार राजस्थानकडे आणि लांडे ओडिशाकडे. पांचांत एक! चिरंजीव दोन दिवस रुसून होते. परंतु ऑगस्टमध्यें बालेवाडीस सामने सुरू झाले, आणि सर्व संघांतून आपल्याकडचींच मुलें एकमेकांस चुकवितांना आणि सूर मारून गांठतांना दिसूं लागलीं, तेव्हां ते रुसणें विसरले. ४ सप्टेंबर २०२२ च्या अंतिम सामन्यांत ओडिशानें तेलुगु संघास ४६ विरुद्ध ४५ असें अवघ्या एका गुणानें हरविलें. मुंबईचा संघ तेथपर्यंत पोहोंचलाच नव्हता. पुतण्या म्हणाला, "काका, माझ्या यादीप्रमाणें झालें असतें, तर हा सामना झालाच नसता." चूक कबूल करण्याची ही रीत मला आवडली. खोखोचा दुसरा मोसम २०२३ च्या डिसेंबरांत कटकास सुरू झाला. तोही पुरुषांचाच होता. पाठीमागचें पान तसेंच राहिलें.

मग २०२५ चा जानेवारी आला. दिल्लीस खोखोची पहिली जागतिक स्पर्धा भरली. पुरुषांचे २० आणि स्त्रियांचे १९ संघ आले होते. पुतणी आतां दहावींत होती, आणि ठरल्याप्रमाणें तिचें मैदान जूनपासून बंद होतें. रविवार ता. १९ जानेवारीस अंतिम सामने होते. मी फलटणासच होतों. सराव परीक्षेचे कागद बाजूस सारून ती दूरचित्रवाणीसमोर बसली, आणि त्या दिवशीं वहिनींनींही तिला हटकलें नाहीं. भारताच्या मुलींनीं नेपाळवर ७८ विरुद्ध ४० अशी मात केली. कर्णधार होती प्रियांका इंगळे, आणि तिच्याच संघांत नसरीन शेख. पुरुषांनींही नेपाळलाच ५४ विरुद्ध ३६ असें जिंकलें. त्यांचा कर्णधार प्रतीक वाईकर, आणि संघांत वेळापूरचा रामजी कश्यप.

पुतण्या उठला आणि कपाटांतून ती जुनी वही काढून आणली. पान उलटून त्यानें बहिणीपुढें धरलें. अडीच वर्षांपूर्वीं, ज्या निवडीस कोणी बोलावलें नव्हतें, तिच्यासाठीं तिनें सर्वांत वर लिहिलेलीं दोन्ही नांवें जगज्जेत्या संघांत होतीं. ती कांहींच बोलली नाहीं. पान मात्र बराच वेळ पाहत राहिली.

मातोश्री म्हणाल्या, "मीही शाळेंत असतांना काष्टा मारून खोखो खेळत होतें. चौदाव्या वर्षीं घरांतून सांगितलें, पुरे आतां. मीं कां म्हणून विचारलें नाहीं. पाटीवर बसलेल्यास खो मिळेपर्यंत थांबावें लागतें हें खरें. पण त्याला पाटीवरूनच उठवून घरीं नेलें, तर खो द्यावयाचा कोणाला?"

कोणी उत्तर दिलें नाहीं. वहिनी आंत गेल्या. थोड्या वेळानें चहा घेऊन आल्या, तेव्हां मुलीस म्हणाल्या, "तुमचें मैदान किती वाजतां सुरू होतें गं?"

"साडेपांचला."

"साडेसहाच्या आंत घरांत पाहिजेस. आणि रात्रीं गणिताला बसायचें."

परीक्षेस तेव्हां थोडेच आठवडे उरले होते. पुढें निकाल लागला. गुण चांगले पडले, परंतु आईच्या मनांतल्या आंकड्याइतके नव्हेत. मैदान तें सुटलें नाहीं, आतांही सुटलेलें नाहीं. ती कोणत्या संघांत निवडली जाईल कीं नाहीं, याचें भाकीत मी करीत नाहीं. ज्यांचा हा धंदा आहे त्यांचाच अंदाज जेथें चुकतो, तेथें माझी काय कथा!

परंतु आपण वडील मंडळी घरोघर अशाच याद्या करीत असतों, एवढें मात्र मला त्या वहीनें दाखवून दिलें. कोणतें मूल कोणत्या रकान्यांत बसावें, हें आपण तें आठवींत असतांनाच लिहून ठेवतों, आणि पुष्कळदां पुतण्याप्रमाणें सारीं चांगलीं नांवें एकाच रकान्यांत कोंबतों. यादी करूं नये, असें मी म्हणत नाहीं. ती मायेपोटींच होते. मात्र पान उलटून पाठीमागें मुलानें स्वतः काय लिहिलें आहे, तें एकदां वाचावें.