'ठरणे' आणि 'होणे' : लूथरपंथी पाळकाचे नित्यचिंतन व मराठी भाषा

१

ख्रिस्ती धर्माच्या लूथरपंथी शाखेत पाळकाचे नित्यचिंतन हा एक जुना गद्यप्रकार आहे. घरातील आजारपण, पिकाची नासाडी, मंडळीतील भांडण, मुलाचा बाप्तिस्मा, शेजाऱ्याची अंत्ययात्रा, रविवारच्या उपासनेला आलेली मोजकी माणसे, अशा नित्याच्या गोष्टी घेऊन पाळक त्यांवर श्रद्धेच्या दृष्टीने चार शब्द लिहितो अथवा बोलतो. ह्या प्रकाराचा पाया स्वतः मार्टिन लूथर (१४८३–१५४६) ह्यानेच घातला, असे म्हणावयास हरकत नाही. १५२९ साली त्याने घरातील मुलामाणसांसाठी रचलेल्या लहान प्रश्नोत्तरीत 'ह्याचा अर्थ काय?' हा एकच प्रश्न पुनःपुन्हा येतो. १५३५ साली पेटर नावाच्या आपल्या न्हाव्यासाठी त्याने प्रार्थनेविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली आणि चांगल्या न्हाव्याचे चित्त जसे वस्तऱ्यावर असते तसे प्रार्थना करणाऱ्याचे असावे, असे त्याला समजावून दिले. जेवणाच्या मेजावरील त्याचे बोलणे शिष्यांनी टिपून ठेवले. ते त्याच्या मृत्यूनंतर १५६६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले.

वरवर पाहता हे चिंतन विस्कळित वाटते. परंतु त्याच्या तळाशी एकच सिद्धान्त असतो : मनुष्य देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या कर्मांनी नव्हे, तर विश्वासाने. हा सिद्धान्त मराठीत उतरताना भाषेने त्याला कोणते साहाय्य केले आणि कोणती अडचण उभी केली, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२

मराठी मुलखात लूथरपंथ फारसा रुजला नाही. येथील प्रॉटेस्टंट कार्य मुख्यतः अमेरिकन काँग्रिगेशनल, स्कॉटिश प्रेसबिटेरियन व अँग्लिकन मिशनांनी केले. मराठी 'नवा करार' १८११ साली बंगालमधील श्रीरामपूर येथे छापला गेला, तो बाप्टिस्ट विल्यम कॅरी ह्याच्या प्रयत्नाने. लूथरपंथीयांचे सर्वांत जवळचे क्षेत्र म्हणजे छिंदवाडा-बैतूल हा भाग. तेथे स्वीडिश मिशनने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काम सुरू केले. तथापि एका लूथरपंथी पाळकाचा मराठी माणसांशी दीर्घ व जिव्हाळ्याचा संबंध आला, तो ह्याहून पूर्वी आणि महाराष्ट्रापासून दूर, तंजावरच्या भोसले दरबारात.

ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ (१७२६–१७९८) हा हाले येथे शिकून १७५० साली तरंगमबाडीस आला व १७७८ पासून तंजावरास स्थायिक झाला. तमिळ ही त्याच्या उपदेशाची भाषा; पण दरबारात वावरावयाचे म्हणून त्याने मराठीचाही अभ्यास केला. त्याने युरोपात पाठविलेली पत्रे व रोजनिशा म्हणजे वर सांगितलेल्या गद्यप्रकाराचेच उदाहरण होय. वाटेवरच्या भेटी, तलावाकाठचे संवाद, छावणीतील शिपायांची उपासना, शाळेतील मुले हेच त्यांचे विषय. १७७९ साली हैदर अलीकडे गुप्त बोलणी करण्यास पाठवावयाच्या माणसाचा प्रश्न निघाला, तेव्हा हा पाळक फसविणार नाही म्हणून त्यालाच पाठवा, असे हैदरने सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. पुढे हैदरच्या स्वारीत तंजावरच्या किल्ल्यात अन्नाचा दुष्काळ पडला. पूर्वी बुडविले गेल्यामुळे भोवतालचे शेतकरी धान्य आणावयास तयार नव्हते. श्वार्ट्झने आपल्या शब्दावर मोबदल्याची हमी घेताच सुमारे हजार बैल जमले आणि धान्य किल्ल्यात आले. १७८७ साली तुळजाराजांनी दत्तक घेतलेल्या सरफोजींचा पुढे तोच आधार झाला. सरफोजी १७९८ साली गादीवर बसले. त्यांनी धर्म बदलला नाही, परंतु आपल्या ह्या वृद्ध हितकर्त्याचे संगमरवरी स्मारक जॉन फ्लॅक्समन ह्या शिल्पकाराकडून करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसविले.

धान्याच्या प्रसंगी अद्याप काहीच 'झाले' नव्हते. पैसा हाती आला नव्हता. केवळ एका माणसाच्या शब्दावर व्यवहार 'ठरला' होता आणि तेवढ्यावर बैल चालू लागले. लूथरच्या मते विश्वासाचे स्वरूप नेमके असेच आहे : दिलेल्या शब्दावर विसंबणे.

३

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात 'दिकाइऊन' हे ग्रीक क्रियापद येते. न्यायालयात एखाद्याच्या बाजूने निवाडा देणे, ही त्याची एक महत्त्वाची छटा. लॅटिन भाषांतरात त्याच्या जागी जे क्रियापद आले त्याची फोड 'नीतिमान करणे' अशी होते. त्यामुळे देवाच्या कृपेने मनुष्य हळूहळू नीतिमान होत जातो, असा अर्थ पाश्चात्त्य परंपरेत बळावला. लूथरच्या चिंतनाला कलाटणी मिळाली ती ह्याच ठिकाणी. १५४५ साली लिहिलेल्या एका प्रस्तावनेत त्याने सांगितले आहे की, 'देवाचे नीतिमत्त्व' ह्या शब्दांचा त्याला अतिशय धाक वाटे. परंतु ज्या नीतिमत्त्वाने देव शिक्षा करतो ते येथे अभिप्रेत नसून, मनुष्याला केवळ स्वीकारावयाचे असे नीतिमत्त्व अभिप्रेत आहे, हे शब्दांच्या संदर्भाकडे लक्ष दिल्यावर त्याला उमगले. एका षष्ठी प्रत्ययाच्या अर्थावर एवढी मोठी उलथापालथ अवलंबून होती, ही गोष्ट भाषाभ्यासकांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

गंमत अशी की, लूथरच्या स्वतःच्या जर्मन भाषांतरात ह्या स्थळी 'वेर्डेन' हे क्रियापद आहे. ते कर्मणी प्रयोगाचे साहाय्यक आहे आणि 'होणे' ह्या अर्थाचे स्वतंत्र क्रियापदही आहे. म्हणजे ज्या दोन कल्पना त्याला वेगळ्या ठेवावयाच्या होत्या, त्या त्याच्या भाषेत एकाच शब्दात राहतात. मराठी भाषांतरात रूढ झालेला 'नीतिमान ठरणे' हा प्रयोग मात्र 'होणे' ला बाजूस सारतो.

ह्या दोन क्रियापदांतील भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. छत्रपती संभाजीनगरातील औरंगपुऱ्याच्या बाजारपेठेत 'भाव ठरला' आणि 'व्यवहार झाला' ही वाक्ये कोणीही एका अर्थाने वापरणार नाही. भाव ठरतो तेव्हा माल अजून दुकानदाराच्या ताब्यात आणि पैसा गिऱ्हाइकाच्या खिशात असतो. 'लग्न ठरले' आणि 'लग्न झाले' ह्यांत तर कित्येक महिन्यांचे अंतर पडू शकते. परंतु लग्न ठरल्या दिवसापासून त्या मुलीचे दोन्ही घरांतील स्थान बदलते. तिच्याशी बोलण्याची रीत बदलते. तिच्या नावाने खरेदी सुरू होते. ती स्वतः मात्र काल होती तीच आज असते. माणूस बदलण्याआधी त्याचे नाते बदलते, हा विचार 'ठरणे' ह्या एका क्रियापदात घरगुती रूपाने वसत आहे.

व्याकरणाच्या दृष्टीनेही हे रूप अर्थपूर्ण आहे. 'ठरणे' हे अकर्मक, 'ठरवणे' हे त्याचे सकर्मक रूप. 'मनुष्य नीतिमान ठरतो' ह्या वाक्यात मनुष्य कर्ता असला तरी क्रिया घडविणारा तो नव्हे; ठरवणारा दुसराच कोणी आहे आणि तो वाक्यात न येताही गृहीत आहे. विश्वासी मनुष्य एकाच वेळी नीतिमान आणि पापी असतो, हे लूथरचे प्रसिद्ध प्रतिपादनही ह्याच अंगाने सुबोध होते. 'तो नीतिमान झाला आहे आणि पापी आहे' ह्यात सरळ विरोध आहे. 'तो नीतिमान ठरला आहे आणि पापी आहे' ह्यात तो राहत नाही.

४

येथवर भाषेचे साहाय्य झाले. आता अडचण. 'ठरणे' ह्याचा आणखी एक अर्थ मराठीत तितकाच रूढ आहे : 'अंदाज खोटा ठरला', 'औषध गुणकारी ठरले'. येथे कोणी निर्णय दिलेला नाही. अनुभवाने सत्य उघड झाले आहे. दोन अर्थांतील फरक असा पारखता येतो : भाव ठरण्यापूर्वी तो भाव नव्हता, औषध मात्र गुणकारी ठरण्यापूर्वीही गुणकारीच होते. पहिल्या अर्थी 'ठरणे' नवी स्थिती निर्माण करते. दुसऱ्या अर्थी ते आधीची स्थिती प्रकट करते.

'नीतिमान ठरणे' ह्या प्रयोगाची रचना पाहता तो दुसऱ्या गटाच्या अधिक जवळ जातो. 'भाव ठरला', 'लग्न ठरले' ह्यांत विधिविशेषण नाही. 'गुणकारी ठरले', 'खोटा ठरला' ह्यांत आहे आणि 'नीतिमान ठरला' ह्यातही आहे. म्हणून ऐकणाऱ्याचे मन सहजच दुसऱ्या अर्थाकडे झुकते : परीक्षा झाली, मनुष्य कसास उतरला, तो मुळातच नीतिमान होता हे सिद्ध झाले. लूथरच्या प्रतिपादनाशी हा अर्थ सर्वस्वी विसंगत आहे. याकोबाच्या पत्रात अब्राहाम क्रियांनी नीतिमान ठरल्याचा जो उल्लेख येतो तेथे हा दुसरा अर्थ बरा जुळतो. त्या पत्राविषयी लूथरला वाटणारी नापसंती सर्वश्रुत आहे.

हा सूक्ष्म भेद केवळ शब्दकोशापुरता नाही. मरणोन्मुख मनुष्याच्या उशाशी बसलेला पाळक 'तू नीतिमान ठरला आहेस' असे म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याने दुसरा अर्थ घेतला तर त्याचे मन लगेच आपल्या आयुष्याचा झाडा घेऊ लागते. बुडविलेले देणे, टाकलेले भावंड, तुटलेली वचने आठवतात आणि सांत्वनासाठी उच्चारलेले वाक्य आरोपपत्र बनते. पहिला अर्थ पोहोचला तर मात्र तेच वाक्य त्याच्या हातून काही न मागता त्याला आधार देते. एका क्रियापदाच्या दोन अर्थांमध्ये येथे भीती आणि निश्चिंती एवढे अंतर आहे.

ह्यावरचा उपायही भाषांतरातच उपलब्ध आहे. अब्राहामाच्या विश्वासाविषयी बोलताना पौलाने जो शब्द योजला तो हिशेबाच्या परिभाषेतील असून मराठीत त्यासाठी 'गणणे' हे क्रियापद आले. 'गणणे' ला प्रकट होण्याचा अर्थ नाही. तेथे गणणारा लागतोच. वहीत रक्कम दुसऱ्याने भरावी आणि ती आपल्या खात्यावर जमा व्हावी, हा व्यवहार दुकानदारालाही ठाऊक आहे आणि उधारीवर माल नेणाऱ्यालाही. 'ठरणे' च्या जोडीला 'गणणे' आणि 'लग्न ठरणे' ठेवले की पहिला अर्थ पुन्हा वर येतो.

५

प्रॉटेस्टंट मराठीने स्वीकारलेले आणखी काही शब्द ह्याच दिशेने कसे काम करतात हे थोडक्यात पाहता येईल. 'श्रद्धा' ऐवजी 'विश्वास' हा शब्द मुख्य मानला गेला. श्रद्धा मनोवृत्तीचा निर्देश करते, तर विश्वास कोणावर तरी ठेवावा लागतो. 'वर' हे शब्दयोगी अव्यय त्याला दुसऱ्या व्यक्तीशी बांधते. 'मंडळी' हा शब्द माणसांचा जमाव, घरची माणसे, किंबहुना पत्नी असे अर्थ बाळगून आहे. इमारतीचा अर्थ त्यात नाही. लूथरनेही चर्चसाठी इमारतीऐवजी समुदाय सुचविणारा जर्मन शब्द पसंत केला होता. ह्याउलट 'नीतिमान' हा शब्द पोथीतला राहिला. घरात किंवा बाजारात तो कोणी सहज उच्चारीत नाही. म्हणजे 'नीतिमान ठरणे' ह्या प्रयोगाचा उत्तरार्ध बोलीतील व पूर्वार्ध ग्रंथातील आहे, आणि उत्तरार्धाच्या आधारे पूर्वार्ध उलगडणे हेच पाळकाचे रोजचे काम होऊन बसते.

घरातील आई, रस्त्यावरील मुले आणि बाजारातील सामान्य मनुष्य कसे बोलतात हे पाहून भाषांतर करावे, असे लूथरने १५३० सालच्या आपल्या पत्रात सांगितले. मुळात नसलेला 'केवळ' हा शब्द त्याने पौलाच्या वाक्यात घातल्याचा आक्षेप होता. शेतकरी धान्यच आणतो, पैसा आणत नाही, अशा वाक्यात जर्मन बोली तो शब्द मागतेच, हे त्याचे उत्तर. मराठीत हे कार्य एकटा 'च' करतो. लोकभाषेच्या अधिकाराचा हाच प्रश्न त्याच शतकात पैठणास एकनाथांनी उपस्थित केला आणि १५७३ साली पूर्ण झालेल्या 'एकनाथी भागवता'ने त्याला कृतीने उत्तर दिले.

संतपरंपरेशी ह्या विचाराचे नाते जसे जवळचे तसे भेदाचेही आहे. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या ना. वा. टिळकांनी अभंगातून ख्रिस्तभक्ती गायिली, तेव्हा 'कृपा', 'शरण' हे शब्द त्यांना तयारच मिळाले. परंतु भक्तीची भाषा परमावधीला 'तद्रूप होणे', 'एकरूप होणे' असे म्हणते. तिचे क्रियापद 'होणे' आहे. लूथरपंथी पाळकाचे चिंतन 'ठरणे' वर थांबते आणि 'होणे' उद्यावर सोडते. भक्तीच्या शब्दांचा आधार घेताना हा क्रियापदभेद पुसला गेला, तर भाषा गोड होते पण सिद्धान्त निसटतो. तो जपण्याच्या हट्टाने संतवाणी टाळली, तर सिद्धान्त शुद्ध राहतो पण ऐकणारा दुरावतो.

६

धार्मिक परिभाषेचा अभ्यास बहुधा नामांपुरता केला जातो. कोणत्या संस्कृत शब्दाने कोणता परकीय शब्द अनुवादिला, ह्याच्या याद्या केल्या जातात. वरील विवेचनावरून असे दिसून येईल की, सिद्धान्ताचा भार अनेकदा नामावर नसून 'ठरणे', 'होणे', 'गणणे' ह्यांसारख्या साध्या क्रियापदांवर आणि 'वर', 'च' ह्यांसारख्या लहान शब्दांवर असतो. छापील भाषांतरांबरोबरच मराठी मंडळ्यांतील तोंडी उपदेश, प्रार्थना व सांत्वनाचे बोलणे, संबंधितांच्या संमतीने ध्वनिमुद्रित करून ह्या दृष्टीने तपासल्यास, ऐकणारा 'ठरणे' ह्याचा कोणता अर्थ घेतो हे प्रत्यक्ष पुराव्याने सांगता येईल. हे काम भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हाती घेण्यासारखे आहे.